नाटक खोटं आहे हे माहीत असून रडू का येतं? प्लेटोपासून आजवर कोणी काय उत्तर दिलं, कोण समजावून सांगेल काय?

साचेकर_शिरोली

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहायलोय, सांभाळून घ्या.

मी शिरोली एमआयडीसीत पॅटर्न शॉपला आहे, बावीस वर्षं झाली. फाउंड्रीत ओतकामाला जे लाकडी पॅटर्न लागतात (ते वाळूत दाबून वर काढायचे, राहिलेल्या पोकळीत धातूचा रस ओतायचा) ते बनवायचं काम. दहावीनंतर आयटीआय केलं आणि लगेच कामाला लागलो, मग मधे कधीतरी बाहेरून बी.ए. केलं आणि आता वय शेहेचाळीस, मराठीतनं एम.ए. करायलोय, तेही बाहेरूनच. साहित्यशास्त्राचा पेपर आहे. एक गाईड आणलंय, त्यात प्लेटोला अर्धं पान, अ‍ॅरिस्टॉटलला एक पान, लाँजायनसला चार ओळी, मग एकदम वर्ड्स्वर्थ, कोलरिज, एलियट, मग सोस्यूर आणि देरिदा, आणि भारतीय भागात भरत, भामह, वामन, आनंदवर्धन, कुंतक, अभिनवगुप्त. नावं, साल, चार मुद्दे, झालं. पाठ होतंय पण डोक्यात काय शिरंना. ही माणसं आपापसांत कशावरनं भांडायली होती तेच कळत नाही.

प्लेटोचं तेवढं मला लगेच पटलं. तो म्हणतो की खाटेची मूळ कल्पना एक, सुतार ती बघून खाट करतो, आणि चित्रकार त्या खाटेचं चित्र काढतो म्हणजे सत्यापासून तिसऱ्या पायरीवर. आमच्याकडं पण तेच की, आधी ड्रॉइंग, मग कास्टिंग (ओतून तयार झालेला भाग), आणि मग कंपनीच्या कॅटलॉगमध्ये त्या कास्टिंगचा फोटो. फोटोवर कुणी पट्टा चढवून मोटर चालवत नाही. कवी, नाटककार हे सगळे फोटोवाले, असं त्याचं म्हणणं. बरोबरच वाटलं.

पण मग एक गोष्ट आठवली आणि अडकलो. वडील गेले तेव्हा आमची आई रडली नाही. खरंच नाही. दहावा, तेरावा, सगळं तिनं उभं राहून केलं, पाव्हण्यांचं जेवणखाण बघितलं. त्यानंतर वर्षाभरानं मी तिला केशवराव भोसले नाट्यगृहात एका नाटकाला नेलं होतं (आग लागायच्या बऱ्याच आधीची गोष्ट), म्हातारा बाप घरातनं बाहेर पडतो असा प्रवेश होता आणि आई पदर तोंडाला लावून जे रडाय लागली ते मध्यंतरात पण थांबंना. शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली दिली. आणि पुढच्या महिन्यात परत म्हणाली, दुसरं कुठलं नाटक लागलंय काय बघ.

म्हणजे जे खरं होतं तिथं रडली नाही, खोट्याला रडली, आणि परत जायचं म्हणाली. हे काय आहे? यावर या सगळ्या मोठ्या लोकांनी काही लिहिलंय का? कॅथार्सिस आणि रस हे एकच का? गाईडमध्ये "साम्य व भेद" म्हणून दहा मुद्दे आहेत, ते नको, मला नीट कळायला पाहिजे.

मंगळवार_पेठ_७

फॉलो करतोय. नेट परीक्षेच्या (प्राध्यापकीच्या पात्रतेची) अभ्यासाला मलाही हेच पाहिजे.

कावळानाक्यावरची

दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि पेपर तपासायचे बाजूला ठेवून लिहायला बसले. मी ज्युनियर कॉलेजला मराठी शिकवते.

पहिलं म्हणजे तुम्ही आईंचं जे सांगितलंत ना, ते प्लेटोनं जवळजवळ तसंच्या तसं लिहून ठेवलंय. रिपब्लिकच्या दहाव्या भागात, त्या खाटेच्या पुढंच. तो म्हणतो की आपल्यातला चांगला माणूससुद्धा स्वतःवर दुःख कोसळलं की गप्प राहण्यात, सोसण्यात अभिमान मानतो, आणि तोच माणूस नाटकात कुणी छाती बडवून रडायला लागला की त्याच्याबरोबर वाहत जातो, आणि वर कवीचं कौतुक करतो. म्हणजे त्याला हे दिसलं होतं! फक्त त्याला ते धोक्याचं वाटलं. त्याचं म्हणणं, जे मनातलं सुकवायला पाहिजे त्याला हे कवी पाणी घालतात.

आता तो इतका चिडून का लिहितो हे गाईडवाले सांगत नाहीत आणि तिथंच सगळी मजा जाते. ग्रीकांकडे होमर म्हणजे फक्त कविता नव्हती, पोरांचं शिक्षणच होमर पाठ करून व्हायचं, कसं वागावं, देव कसे, युद्ध कसं, सगळं त्यातनं. आणि प्लेटोच्या गुरूला, सॉक्रेटिसला, इ.स.पू. ३९९ मध्ये अथेन्सच्या लोकांनी विष पाजून मारलं. त्याच्या आधी इ.स.पू. ४२३ मध्ये अ‍ॅरिस्टोफेनिसनं एका नाटकात सॉक्रेटिसची टिंगल केली होती, टोपलीत बसून हवेत लटकणारा विद्वान म्हणून. प्लेटोनं लिहिलेल्या सॉक्रेटिसच्या बचावाच्या भाषणात सॉक्रेटिस स्वतः म्हणतो की माझ्याविषयी जुना गैरसमज पसरला त्यात ते नाटक आहे. ज्या माणसानं रंगमंचावरची गोष्ट लोकांच्या डोक्यात कशी बसते आणि पुढं काय होतं हे बघितलंय, तो कवींना नगराबाहेर काढा म्हणतो. मला तरी त्याच्यावर रागावता येत नाही. आणि त्यानं दार पूर्ण लावलेलं पण नाही, म्हणतो की कवितेच्या बाजूनं कुणी नीट युक्तिवाद केला तर आम्ही तिला आनंदानं परत घेऊ.

तो युक्तिवाद त्याच्याच अकादमीत वीस वर्षं काढलेल्या अ‍ॅरिस्टॉटलनं केला. अ‍ॅरिस्टॉटल वाचताना तो कुणाला उत्तर देतोय हे डोळ्यासमोर ठेवा, लगेच सुटसुटीत होतं. प्लेटो म्हणतो नक्कल, तो म्हणतो हो नक्कलच, पण माणूस लहानपणापासून नकलेतनंच शिकतो. प्लेटो म्हणतो खोटं, तो म्हणतो इतिहास जे घडलं ते सांगतो आणि कवी जे घडू शकेल ते सांगतो, म्हणून कविता इतिहासापेक्षा जास्त तत्त्वाची. प्लेटो म्हणतो भावना भडकवतात, तो म्हणतो करुणा आणि भीती जागी करून त्यांचंच कॅथार्सिस होतं.

पण कॅथार्सिस म्हणजे काय हे त्यानं समजावलेलंच नाही, दादा. शोकांतिकेच्या व्याख्येत तो शब्द येतो आणि बास. राज्यशास्त्रावरच्या ग्रंथात म्हणतो की काव्याविषयी लिहीन तेव्हा नीट सांगेन, आणि आपल्या हातात जो काव्यावरचा ग्रंथ आहे त्यात ते नाही. त्यामुळे कुणी म्हणतं रेच, म्हणजे जुलाब दिल्यासारखं भावना बाहेर टाकणं, कुणी म्हणतं शुद्धी, कुणी म्हणतं समज स्पष्ट होणं. गाईडमध्ये "विरेचन" असा एकच शब्द ठोकून दिला असेल तर तो एका बाजूचा आहे. विंदा करंदीकरांनी अ‍ॅरिस्टॉटलचं काव्यशास्त्र १९५७ मध्ये मराठीत आणलंय, ते मिळवा. करवीर नगर वाचन मंदिरात विचारा किंवा विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात.

रसाचं मी बोलत नाही, इथं माझ्यापेक्षा जाणकार आहेत. सर, आहात का?

साचेकर_शिरोली

ताई, आभार. "घडू शकेल ते" या एका वाक्यावर मी काल अख्खी सेकंड शिफ्ट अडकलो होतो. आणि माझंच आधीचं म्हणणं मला चुकीचं वाटाय लागलंय.

सांगतो कसं ते. आमच्याकडं ड्रॉइंगवर ३०० मिलीमीटर लिहिलेलं असलं तर पॅटर्न ३०० चा करत नाहीत. बिडाचा रस थंड होताना आकसतो, शंभराला साधारण एक, म्हणून पॅटर्न ३०३ चा करायचा. आमची पट्टीच वेगळी असते, श्रिंकेजची पट्टी म्हणतो, तिच्यावरचा एक सेंटिमीटर बाजारातल्या पट्टीपेक्षा जरा मोठा. शिवाय मशीनिंग होणार तिथं तीन मिलीमीटर जास्त ठेवायचं. आणि उभ्या बाजूला थोडा उतार द्यायचा, नाहीतर वाळूतनं पॅटर्न वर काढताना कडा ढासळते. ड्रॉइंगमध्ये यातलं काहीच नसतं. नवीन पोरगं येतं आणि ड्रॉइंगबरहुकूम तंतोतंत पॅटर्न करतं तर कास्टिंग लहान येतं, सगळा माल रिजेक्ट.

म्हणजे हुबेहूब केलं तर चुकतं आणि मुद्दाम बदललं तर बरोबर येतं. नाटककार पण असंच करतो काय? बघणाऱ्याच्या मनात उतरल्यावर ते किती आकसणार हे धरून तो मोठं करतो? तसं असलं तर तो फोटोवाला नाही, पॅटर्नवाला आहे. प्लेटोनं चुकीच्या माणसाशी त्याची तुलना केली असं मला वाटतं.

कावळानाक्यावरची

दादा हे मी उद्या वर्गात सांगणार आहे. तुमचं नाव घेऊन.

गडहिंग्लजकर_मास्तर

नमस्कार. सेवानिवृत्त संस्कृत शिक्षक आहे, सध्या मुलाकडे राजारामपुरीत असतो. टायपिंग सावकाश होतं त्यामुळे उशीर झाला.

पॅटर्नचा दृष्टांत अतिशय आवडला. रसाकडे जाण्यापूर्वी एक विचारतो, रागावू नका. त्या दिवशी तुम्ही आईंना विचारलं होतं का, की का रडलात?

साचेकर_शिरोली

विचारलं होतं सर. नाटक सुटल्यावर खासबागेच्या भिंतीपाशी चहा घेताना. मी म्हणालो, आगं आई खोटं हुतं की ते. तर म्हणाली, "म्हाईत हाय की मला. माझं न्हवतं म्हणून तर रडाय आलं." मग कप धुवायला लागली, चहावाला म्हणतोय राहू द्या मावशी तरी.

गडहिंग्लजकर_मास्तर

हे वाचून मी थोडा वेळ तसाच बसलो.

चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाच्या साहित्यदर्पणात एक श्लोक आहे: "परस्य न परस्येति ममेति न ममेति च । तदास्वादे विभावादेः परिच्छेदो न विद्यते ॥" म्हणजे हे दुसऱ्याचं आहे, दुसऱ्याचं नाही, माझं आहे, माझं नाही, अशी काटछाट रसाचा आस्वाद घेताना उरत नाही. तुमच्या आईंनी यातला निम्मा श्लोक चहाच्या टपरीवर सांगितला.

आता क्रमानं. भरताच्या नाट्यशास्त्रात सहाव्या अध्यायात सूत्र आहे, विभाव (भावना जागी करणारी कारणं), अनुभाव (ती बाहेर दिसणारी खूण, जसं अश्रू) आणि व्यभिचारी भाव (मध्येच येऊन जाणाऱ्या भावना) यांच्या संयोगातून रसनिष्पत्ती होते. भरत स्वतः उदाहरण स्वयंपाकाचं देतो, निरनिराळे पदार्थ, मसाले एकत्र आले की जी चव लागते ती कुठल्याही एका जिनसाची नसते. कोल्हापुरात हे कुणाला समजावून सांगायला नको, पांढऱ्या रश्श्यात खसखस वेगळी सापडत नाही. पण "निष्पत्ती" म्हणजे नेमकं काय हे भरतानं उलगडून सांगितलं नाही, अगदी अ‍ॅरिस्टॉटलच्या कॅथार्सिससारखं, आणि त्या एका शब्दावर पुढच्यांचा वाद पेटला.

भरताचा एक टीकाकार लोल्लट म्हणाला, रस मुळात रामाच्या ठिकाणी उत्पन्न होतो, नटात दिसतो. शंकुकानं हरकत घेतली, राम तर केव्हाच होऊन गेला, आपण नटावरून अनुमान करतो. त्यासाठी त्यानं चित्रातल्या घोड्याचा दृष्टांत दिला. चित्रातला घोडा बघून आपण "हा घोडा" म्हणतो, तेव्हा तो खरा घोडा आहे असं आपल्याला वाटत नाही, खोटा आहे असंही वाटत नाही, घोडा आहे की नाही अशी शंका नसते आणि घोड्यासारखं काहीतरी आहे असंही आपण म्हणत नाही. या चारांहून वेगळी ती जाणीव. तुमच्या शीर्षकातला प्रश्न "खोटं माहीत असून" असा आहे ना, शंकुक म्हणेल की प्रश्नच चुकला, नाटक बघताना खरं-खोटं हे खातंच उघडलेलं नसतं.

मग भट्टनायक आला. त्याची अडचण अशी की नुसतं अनुमान करून कुणी रडत नाही, धूर बघून आग आहे हे कळतं पण ऊब लागत नाही. आणि दुःख खरोखर माझ्यातच उत्पन्न झालं म्हणावं तर मग मी पुन्हा तिकीट काढून कशाला जाईन? त्यानं साधारणीकरण सांगितलं. बाप हा अमुक बाप राहत नाही, घर अमुक घर राहत नाही. काश्मीरच्या अभिनवगुप्तानं सुमारे इ.स. १००० च्या आसपास हे घेतलं आणि अजून खोल नेलं. शाकुंतलाच्या सुरुवातीला मान वळवून मागं बघत पळणारं हरिण आहे, त्याचं तो उदाहरण देतो. ते कुठलं हरिण, कुठल्या दिवशी, कुणाला भ्यालं, हे सगळं गळून पडतं आणि नुसतं भय उरतं, ज्याला जागा नाही, काळ नाही, मालक नाही. मालक नसल्यामुळे त्यापासून पळायची गरज नाही आणि म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो.

आणि रसात येणारी सात विघ्नं तो सांगतो, त्यातलं एक म्हणजे बघणारा स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असणं. नाट्यगृहातलं गाणं, वाद्यं, सजावट हे सगळं त्यासाठी, माणसाला त्याच्या घरातून थोडं बाहेर काढायला. वडिलांच्या तेराव्याला आईंच्या डोक्यात पाव्हण्यांचं जेवण, गुरुजींची दक्षिणा, तुम्हा मुलांची काळजी होती. दुःख होतं, पण ते "माझं" होतं आणि त्याला कामं चिकटलेली होती.

कॅथार्सिस आणि रस एक नव्हेत. अ‍ॅरिस्टॉटल विचारतो की या भावनांचं शेवटी काय होतं. अभिनवगुप्त विचारतो की ती अनुभवत असताना त्या क्षणी मन कसं असतं. दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यामुळे साम्यभेदाचा तक्ता करणं मला पटत नाही.

कावळानाक्यावरची

सर 🙏 यात एक जोडते. "खोटं माहीत असून" यावर इंग्लंडात सॅम्युअल जॉन्सननं १७६५ मध्ये शेक्सपिअरच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहिलंय. तेव्हा नियम होता की नाटक एका दिवसात, एका जागी घडलं पाहिजे, नाहीतर प्रेक्षकाचा विश्वास बसत नाही. तो नियम अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर खपवलेला, खरं तर त्याचा आग्रह कथानकाच्या एकतेचा, जागेचं तर त्यानं काहीच सांगितलेलं नाही, ते तीन ऐक्यांचं बांधून दिलं ते इटलीच्या कास्टेलवेत्रोनं १५७० मध्ये. जॉन्सन म्हणाला, अहो प्रेक्षक पहिल्या अंकापासून शेवटच्या अंकापर्यंत शुद्धीवर असतात, रंगमंच हा रंगमंच आणि नट हे नट हे त्यांना पक्कं माहीत असतं. मग रडू का येतं? तर हे आपल्यावरही येऊ शकतं म्हणून. जशी आई लेकराला जवळ घेऊन, मृत्यू याला माझ्यापासून नेऊ शकतो, हे आठवून रडते.

आणि हाच जॉन्सन, शेक्सपिअरच्या किंग लिअर नाटकावरच्या टिपणात लिहितो की लिअरची मुलगी कॉर्डेलिया हिच्या मरणाचा मला इतका धक्का बसला होता की संपादनासाठी हातात घेईपर्यंत शेवटचे प्रवेश मी परत वाचू शकलो होतो की नाही कुणास ठाऊक. त्या काळात रंगमंचावर लिअर चालायचा तो सुद्धा नेहम टेटनं १६८१ मध्ये गोड शेवट करून दिलेला, कॉर्डेलिया जिवंत राहते आणि तिचं लग्न होतं. मूळ शेवट लोकांना सोसवत नव्हता. तेव्हा साधारणीकरण झालं की सगळं आस्वाद्यच होतं असंही नाही ना सर?

मग १८१७ मध्ये कोलरिजनं म्हटलं, वाचक काही वेळापुरता अविश्वास आपण होऊन बाजूला ठेवतो. आणि विसाव्या शतकात जर्मन नाटककार ब्रेख्त आला, त्याला हे रडणंच नको होतं. त्याचं म्हणणं, प्रेक्षक रडून मोकळा झाला की घरी जाऊन झोपतो, त्यानं विचार करायला पाहिजे की ही परिस्थिती आली का आणि बदलायची कशी. म्हणून मध्येच गाणं, पाटी, नट थेट प्रेक्षकांशी बोलतो. आपल्याकडं तमाशात सोंगाड्या हे कधीपासून करतोय, म्हणूनच पु. लं.नी ब्रेख्त मराठीत आणला तेव्हा तो तमाशाच्या अंगानं सहज बसला. गंमत बघा, प्लेटो आणि ब्रेख्त दोघंही रडण्यावर संशय घेतात, एकाला कवी हाकलायचा होता आणि दुसरा स्वतःच कवी होता.

बिंदू_चौक_९१

सगळं वाचलं. मास्तर, ताई, दोघांना मान देऊन बोलतो, पण मला यात काहीतरी खटकायलंय आणि ते बोललं पाहिजे.

हे सगळं बघणाऱ्याबद्दल चाललंय. बघणारा रडला, त्याला आस्वाद मिळाला, त्याचं विरेचन झालं. ज्याचं आयुष्य तिथं मांडलंय तो माणूस कुठं आहे या सगळ्यात? माझ्या आज्ज्यानं गावकीची कामं केली. त्याच्यावर कुणी नाटक लिहिलं आणि पुढच्या रांगेतल्या लोकांना त्यातनं करुणरस मिळाला, तर त्या आनंदाचं मी काय करू? शरणकुमार लिंबाळेंनी १९९६ च्या दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्रात हेच धरलंय, की आनंद हे माप आम्हाला लागूच होत नाही, आमचं माप स्वातंत्र्य, समता, न्याय. शरद पाटलांनी त्याच्या आधी १९८८ ला अब्राह्मणी सौंदर्यशास्त्र म्हणून वेगळी मांडणी केली. दादा, तुमच्या गाईडात या दोघांना किती ओळी आहेत ते सांगा.

आणि टीका कधी सुरू झाली मराठीत? सगळे चिपळूणकरांची निबंधमाला १८७४ सांगतात. बरं. पण १८८५ मध्ये जोतीरावांनी (फुले) ग्रंथकार सभेचं, म्हणजे लेखकांच्या संमेलनाचं, निमंत्रण नाकारताना रानड्यांना जे पत्र लिहिलं, ते टीकाच आहे की. उंटावरून शेळ्या वळणाऱ्या ग्रंथकारांना आमचं दुःख कुठनं कळणार, असं त्यांनी थेट विचारलं. कोण लिहितंय, कुणासाठी लिहितंय, हा प्रश्न विचारायला आपण फूको आणि एडवर्ड सैदची वाट बघितली, सैदचं ओरिएंटालिझम १९७८ चं. आणि बुलढाण्याची ताराबाई शिंदे, १८८२, स्त्री-पुरुष तुलना. पुरुषांनी नाटकांत, गोष्टींत बाया कशा रंगवल्यात याची ती हजेरी घेते. व्हर्जिनिया वुल्फ १९२९, म्हणजे ताराबाई सत्तेचाळीस वर्षं आधी. गाईडमध्ये स्त्रीवादी समीक्षा वुल्फपासून सुरू होते.

मी रोज बिंदू चौकातनं जातो. तिथं बाबासाहेबांचा पुतळा आहे तो त्यांच्या हयातीत १९५० ला बसवलेला, आणि सोबत जोतीरावांचा. आपल्या गावानं तेवढं केलंय. मग आपल्या अभ्यासात पण त्यांना तेवढी जागा पाहिजे, शेवटच्या पानावर "इतर प्रवाह" म्हणून नको.

गडहिंग्लजकर_मास्तर

तुमचं म्हणणं योग्य आहे आणि मी ते टाळणार नाही.

अभिनवगुप्त ज्याला "सहृदय" म्हणतो त्याची व्याख्याच अशी की काव्याच्या सततच्या अभ्यासानं ज्याचा मनाचा आरसा स्वच्छ झालाय तो. अभ्यास कुणाला करता येत होता, हा प्रश्न त्यानं विचारलेला नाही. मी तीस वर्षं शिकवलं आणि मीही विचारला नाही.

एक मात्र नोंदवतो. नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात कथा आहे की वेद शूद्रांना ऐकता येत नाहीत म्हणून सर्व वर्णांसाठी पाचवा वेद करा अशी देवांनी मागणी केली. आणि शेवटाकडे, नाटकातून ऋषींची टिंगल केली म्हणून भरताच्या मुलांना शाप मिळतो की तुम्ही शूद्र व्हाल. म्हणजे कलावंताची जात खाली गेली ती मोठ्यांची नक्कल केली म्हणून, हे त्या ग्रंथानंच लिहून ठेवलंय. आपण रससूत्र पाठ करतो आणि ही दोन टोकं वगळतो.

आणि साचेकरांच्या आईंनी कुठला काव्याभ्यास केला होता? माझ्याकडे याचं शास्त्रातलं उत्तर नाही. त्यांचं वाक्य मात्र शास्त्राच्या तोडीचं आहे.

बिंदू_चौक_९१

मास्तर, तुम्ही असं सरळ लिहिलंत, बरं वाटलं. हे दोन अध्याय मला माहीत नव्हते. वाचतो.

मंगळवार_पेठ_७

कोल्हापूरचा विषय निघालाच आहे तर फडके-खांडेकर वादाबद्दल कुणी बोललं नाही अजून. फडके राजाराम कॉलेजात प्राध्यापक, खांडेकर पण इथंच राहिले. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, पेपरात हमखास येतंय.

कावळानाक्यावरची

येतंय हो, पण मला तो वाद फार ताणला गेलाय असं वाटतं. दोघांच्या कादंबऱ्या शेजारी ठेवून वाचल्या तर दोघंही वाचकाला गुंतवायचीच धडपड करतात. त्यापेक्षा मर्ढेकरांनी जे विचारलं ते अवघड, की कलाकृतीला कलाकृती बनवतं ते नेमकं काय, आणि त्यांनी संवाद, विरोध, समतोल हे लयीचे नियम मांडले. पटो न पटो, पण तिथं मराठी समीक्षा कवीच्या चरित्रातनं उठून कवितेच्या आत जाऊन बसली.

साधारण त्याच दिशेनं जगात पण सरकत होतं. रशियात श्क्लोव्हस्कीनं १९१७ मध्ये लिहिलं की सवयीनं आपल्याला काही दिसेनासं होतं आणि कला दगडाला परत दगडपण देते. केंब्रिजला रिचर्ड्स विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून कविता द्यायचा आणि लिहा म्हणायचा, १९२९ ला त्याचं पुस्तक आलं, भल्या भल्या कवींना मुलांनी नापास केलं होतं. मग १९४६ मध्ये विम्सॅट आणि बिअर्ड्स्ली म्हणाले कवीला काय म्हणायचं होतं हे माप नाही, आणि १९६७ ला बार्थनं लेखकाचं मरणच जाहीर केलं, अर्थ वाचकाकडं. म्हणजे आधी जगाशी जुळतं का बघत होते, मग कवीच्या मनात काय होतं बघायला लागले, मग फक्त शब्द, मग वाचक. आणि आता बिंदू चौक म्हणतात तसं, कुठला वाचक आणि त्याला दारात कोण उभं करतं.

रिचर्ड्सचा प्रयोग मी अकरावीच्या वर्गात केला होता. मर्ढेकरांची एक कविता आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी आईवरची एक कविता, दोन्हींची नावं काढून. बहुतेकांनी व्हॉट्सअ‍ॅपवाली चांगली म्हटली. एका मुलीनं लिहिलं, "पहिली कविता मला कळली नाही पण दुसरी वाचल्यावर विसरली आणि पहिली घरी जाईपर्यंत डोक्यात वाजत होती." तिला लय हा शब्द माहीत नव्हता. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

साचेकर_शिरोली

सगळ्यांचे मनापासून आभार. बिंदू चौक भावा, गाईड बघितलं. लिंबाळेंना सहा ओळी, शरद पाटील नाहीत, ताराबाई नाहीत. जोतीरावांचं पत्र नाही. मी वहीत स्वतः पानं जोडायलोय.

तुमचं ते आज्ज्याचं वाचून परत विचार केला. आमची आई त्या नाटकात रडली ते बापाला घराबाहेर काढतात तिथं. पण त्या नाटकात एक मोलकरीण होती, तिला दोनच वाक्यं होती, आणि लोक तिला हसत होते. काल आईला त्या नाटकाची आठवण करून दिली तर म्हणाली, ती भांडीवाली लई चांगलं काम करत्याली, तिला बोलाय दिलं नाही फार. आईनं पण बारा वर्षं दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी केलीत. मी शेजारी बसून हसलो होतो, मला आठवतंय. तिला ते तेव्हाच दिसलं होतं आणि ती बोलली नव्हती.

बिंदू_चौक_९१

दादा, हे वहीत लिहून ठेवा. परीक्षेत चाललं तर चाललं.

कावळानाक्यावरची

दादा एक विनंती. पुढच्या शनिवारी सकाळी साडेआठला माझा जादा तास आहे, अकरावी-बारावी एकत्र. तुम्ही याल का? प्लेटो मी सांगते, श्रिंकेजची पट्टी तुम्ही दाखवा. मुलांनी एक पॅटर्न हातात घेऊन बघितला पाहिजे. सर, तुम्हाला पण आणायला स्कूटर पाठवते.

गडहिंग्लजकर_मास्तर

येतो. स्कूटर नको, पायी येईन.

साचेकर_शिरोली

शनिवारी फर्स्ट शिफ्ट आहे, बदलून घेतो. पुलीचा एक जुना सागवानी पॅटर्न शॉपमध्ये पडून आहे, परवानगी काढून तो आणतो, आणि दोन्ही पट्ट्या, साधी आणि आमची, शेजारी शेजारी ठेवून दाखवतो.

ताई, आईला सोबत आणलं तर चालेल काय?

कावळानाक्यावरची

पुढची खुर्ची त्यांची.